छडी पोहोचत नाही तिथे

नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली गोष्ट. शिक्षण हक्क कायदा अजून यायचा होता. आठवीच्या वर्गात उर्दूचा तास चालू होता. धड्यात शिकारीबद्दल एक परिच्छेद होता आणि त्यात ‘कल्ब-ए-मुअल्लम’ असा शब्द आला. कल्ब म्हणजे कुत्रा, मुअल्लम म्हणजे शिकवलेला. वाचणाऱ्या मुलाने तो ‘कल्ब-ए-मुअल्लिम’ असा वाचला. मुअल्लिम म्हणजे शिक्षक. अर्थ झाला मास्तरांचा कुत्रा! वर्ग खो खो हसला. मला वाटलं, पोराने मुद्दाम केलं. टेबलावरची पट्टी उचलली आणि त्याच्या हातावर दोन ठेवून दिल्या.

संध्याकाळी घरी तेच पान पुन्हा उघडलं आणि मान खाली गेली. छापील उर्दूत ज़ेर-ज़बर सहसा देत नाहीत. मीम, ऐन, लाम, मीम, एवढीच अक्षरं. लामखाली ज़ेर धरला तर ‘मुअल्लिम’, वर ज़बर धरला तर ‘मुअल्लम’. शिकवणारा आणि शिकलेला, दोघं एकाच अक्षरांत लिहिले जातात. मुलाने अक्षरांप्रमाणे बरोबरच वाचलं होतं. शब्द आधी समजावून सांगायचा राहिला होता तो माझ्याकडून. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तसं कबूल केलं. पण तो मुलगा दहावीपर्यंत माझ्याकडे होता आणि त्याने वाचनासाठी पुन्हा कधी हात वर केला नाही.

त्या शब्दाने माझा पिच्छा सोडला नाही. बी.एड.ला आपण सगळेच पावलोव्हचा कुत्रा, थॉर्नडाईकची मांजर आणि स्किनरचं कबुतर परीक्षेपुरतं पाठ करतो. पण जी माणसं पोटासाठी, पोलिसांसाठी, लढाईसाठी खरोखर कुत्रे शिकवत होती, त्यांनी ते कसे शिकवले? मारून की खाऊ देऊन? वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की शिक्षकांच्या खोलीत आपण मधल्या सुट्टीत जो वाद घालतो, तोच वाद तिथेही पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे.

सुरुवात आपल्या घरापासून करू. आपल्याकडे कुत्रा म्हटलं की आधी पाकी-नापाकीचा प्रश्न येतो, त्यामुळे एक गोष्ट विसरली जाते. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकारी जनावरांना शिकवण्याचा उल्लेख आहे, आणि शिकवणाऱ्यांसाठी तिथे ‘मुकल्लिबीन’ हा शब्द आला आहे, जो ‘कल्ब’पासूनच निघाला आहे. शिकवण्याचं क्रियापद मात्र ‘तअलीम’चंच, जे आपण मुलांसाठी वापरतो. अल्लाहने तुम्हाला जे इल्म दिलं, त्यातून तुम्ही त्यांना शिकवता, असा तिथला आशय आहे. शिकलेल्या कुत्र्याने आणलेली शिकार हलाल, न शिकलेल्याची नाही. मग प्रश्न आला, कुत्रा शिकला हे ओळखायचं कसं?

फिक्हच्या किताबांत यावर बारकाईने चर्चा आहे. मदरशांत आजही शिकवली जाणारी हनफी फिक्हची ‘हिदाया’ ही किताब बुरहानुद्दीन मरगीनानी यांनी लिहिली. ते फरगाना खोऱ्यातले, आजच्या उझबेकिस्तानातले. इंतकाल 1197 मधला. त्यांनी कुत्रा आणि बाज यांना दोन वेगळ्या कसोट्या लावल्या आहेत. कुत्र्याने पकडलेली शिकार न खाता तीनदा सोडून दिली, तर तो शिकला. ही तीनची अट इमाम अबू हनीफा यांच्या दोन शागिर्दांची. खुद्द इमामसाहेबांनी आकडा न ठरवता ते शिकवणाऱ्याच्या अंदाजावर सोडलं होतं. बाज मात्र हाक मारल्यावर परत आला की शिकला. त्याने शिकारीत चोच घातली तरी चालेल.

हा फरक का? मरगीनानी दोन कारणं देतात. एक, बाज मुळात माणसाला बुजणारा, म्हणून त्याचं परत येणं हीच शिकल्याची खूण. कुत्रा माणसाळलेलाच असतो, पण ओरबाडून खाणं ही त्याची सवय, म्हणून ती सोडणं ही त्याची खूण. दुसरं कारण वाचून मी थांबलो. बाजाचं शरीर मार सोसू शकत नाही, कुत्र्याचं सोसतं; म्हणून कुत्र्याला मारून ती सवय सोडवता येते.

आठशे वर्षांपूर्वीच्या त्या किताबात अख्खा वाद मांडून ठेवला आहे. ‘खाऊ नको’ हे माराने शिकवता येतं. ‘परत ये’ हे येत नाही. आकाशात गेलेला बाज ज्या मुठीवर मांसाचा तुकडा मिळाला त्या मुठीकडे वळतो. छडीकडे कोण वळेल?

आता युरोपात जाऊ. जर्मनीत सारब्र्युकेनच्या पोलिसांत कोनराड मोस्ट नावाचा अधिकारी होता. त्याने 1906 मध्ये पोलिसी कुत्रे शिकवायला घेतले आणि 1910 मध्ये त्यावर किताब लिहिली. तिचं इंग्रजी भाषांतर 1954 मध्ये निघालं, पण जर्मन पोलिसांत आणि सैन्यात तिचा प्रभाव त्याआधीच पडला होता. मोस्टच्या हातात पट्टा होता, छडी होती, काटेरी गळपट्टा होता. पण तो नुसता मारकुटा नव्हता. कुत्र्याला माणसाची नीती कळत नाही, त्यामुळे ‘याने मुद्दाम केलं’ असं समजून शिक्षा करणं व्यर्थ आहे, हे त्याने स्पष्ट मांडलं. शाबासकी असो की शिक्षा, ती त्याच क्षणी मिळाली पाहिजे. उशिरा मिळालेली शिक्षा कुत्रा भलत्याच गोष्टीशी जोडतो. स्किनरच्या प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी हा पोलीस अधिकारी त्याच निष्कर्षापाशी आला होता. माझी पट्टी मोस्टच्या कसोटीलाही उतरली नसती. मी नेमकं ‘मुद्दाम केलं’ हेच समजून मारलं होतं.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनची गरज वेगळी होती. खंदकांतल्या टेलिफोनच्या तारा तोफांनी तुटायच्या, निरोप नेणारे सैनिक वाटेत मारले जायचे. लेफ्टनंट कर्नल एडविन रिचर्डसन यांनी 1917 मध्ये शूबरीनेस इथे लष्करी कुत्र्यांची शाळा उभी केली. तिथे बॅटर्सीच्या आश्रयगृहातले बेवारस कुत्रेही आले. कुत्र्याला पुढच्या खंदकात नेऊन सोडायचं आणि त्याने गळ्यातला निरोप घेऊन मागे आपल्या सांभाळणाऱ्याकडे धावत यायचं, असं हे काम होतं. वाटेत चिखल, धूर, स्फोट, आणि खंदकातले सैनिक लाड करून त्याला थांबवू पाहणार. या मैल-दोन मैलांत त्याच्या गळ्यात पट्टा नाही, मागे मालक नाही.

रिचर्डसन यांनी शिक्षा बंद केली. अंतर थोडं थोडं वाढवायचं, पोहोचला की लाड आणि खाऊ. चुकला, रेंगाळला, तर मारायचं नाही. परत नेऊन पुन्हा दाखवायचं. कारण साधं होतं. ज्याच्याकडे परत यायचं, तोच मारणारा असेल तर कुत्रा परत येईल कशाला? रिचर्डसन यांनी ‘हिदाया’ वाचली असण्याचं कारण नाही, पण त्यांचा निरोप्या कुत्रा आणि मरगीनानींचा बाज एकाच वर्गातले विद्यार्थी होते.

दुसऱ्या महायुद्धात हा धडा एका देशाला नव्याने शिकावा लागला. भूसुरुंग शोधण्यासाठी अमेरिकी सैन्याने कुत्रे तयार केले. पद्धत अशी की जमिनीत विजेच्या तारा पुरायच्या. कुत्र्याने तिथे नाक-पाय लावला की झटका. म्हणजे पुरलेल्या वस्तूची धास्ती घेऊन तो तिथून मागे हटेल. ब्रिटिशांनी मात्र सुरुंग सापडला की मांसाचा तुकडा द्यायची पद्धत धरली. अमेरिकी कुत्रे उत्तर आफ्रिकेत नेले तेव्हा ते भरवशाचे ठरले नाहीत आणि प्रयोग गुंडाळावा लागला. अपयशाची कारणं एकाहून जास्त असतील, पण मुळातला घोळ उघड आहे. झटका कुत्र्याला ‘इथे वाईट घडतं’ एवढंच सांगतो. तुम्हाला हवं होतं की त्याने शोधावं, आणि तुम्ही त्याला शिकवलं टाळायला.

याच काळात स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड प्रयोगशाळेबाहेर पडले आणि 1947 मध्ये त्यांनी बक्षिसाच्या पद्धतीने प्राणी शिकवण्याचा व्यवसायच सुरू केला. लांबच्या प्राण्याला त्याच क्षणी खाऊ पोहोचवता येत नाही, ही मोस्टचीच अडचण त्यांच्यापुढे होती. त्यांनी खाऊच्या आधी एक ठरावीक आवाज द्यायला सुरुवात केली. आवाज आला म्हणजे ‘हेच बरोबर, खाऊ येतोय’. हवाईच्या सागरी उद्यानात 1963 पासून डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांच्या हाती हीच पद्धत होती, फक्त आवाज शिट्टीचा. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही. रागावलात तर तो पोहत लांब जातो, विषय संपला. प्रायर यांनी 1984 मध्ये ‘डोन्ट शूट द डॉग’ ही किताब लिहिली आणि पाण्यातली पद्धत कुत्र्यांपर्यंत आणली.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. विल्यम कोहलर हे अमेरिकी सैन्यासाठी कुत्रे शिकवलेले गृहस्थ, पुढे डिस्नेच्या चित्रपटांतले प्राणी शिकवायचे. त्यांची 1962 ची किताब झटक्याच्या साखळीवर उभी आहे. अंगणात खड्डे खणणाऱ्या कुत्र्याचं डोकं त्याच खड्ड्यात पाणी भरून बुडवावं, असा सल्लाही तीत आहे. वाचताना अंगावर काटा येतो. तरी त्या पद्धतीने असंख्य कुत्रे हुकूम पाळायला शिकले, हे नाकारून चालणार नाही. अंगावर धावून गेलेला पोलिसी कुत्रा एका हाकेत माणसाला सोडून मागे आला पाहिजे, तिथे नुसता खाऊ पुरत नाही, असं म्हणणारे अनुभवी लोक आजही आहेत. पण बेल्जियमच्या सैन्यातल्या कुत्र्यांवर 2008 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ज्या जोड्यांमध्ये शिक्षा जास्त होती त्यांची कामगिरी कमी भरली. वेल्सने 2010 मध्ये विजेच्या झटक्याचे गळपट्टे बंदच केले.

आपल्या मुंबईचा झंजीर अनेकांना आठवत असेल. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या या लॅब्राडोरने 3,000 किलोहून अधिक स्फोटकं हुंगून काढली. 2000 मध्ये तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. अशा शोध-कुत्र्यांना साधारणपणे खेळातून शिकवतात. स्फोटकाचा वास आला की शांत बसायचं, मग आवडता चेंडू मिळतो. कुत्र्याच्या लेखी ती चेंडूची शोधाशोध असते. इथे एक गोष्ट फार मोलाची आहे. वास कुत्र्याला येतो, हँडलरला येत नाही. बॅगेत काय आहे हे फक्त कुत्र्याला ठाऊक आहे आणि त्याने ते आपणहून सांगायचं आहे. चुकलो तर मार पडेल या भीतीने तो खात्री नसताना गप्प राहिला, तर किंमत माणसं मोजतात.

एवढं वाचल्यावर माझ्यापुरता निकाल लागला. हा वाद दयाळू आणि कठोर माणसांमधला आहे असं मी समजत होतो. तो तेवढाच नाही. पट्ट्याच्या टप्प्यात काहीतरी थांबवायचं असेल तर शिक्षा काम करते. नजरेआडचं काम करवून घ्यायचं असेल, किंवा समोरच्याला जे ठाऊक आहे ते त्याने येऊन सांगावं असं वाटत असेल, तिथे ती उलटी पडते.

मुलांना मी कुत्र्यांच्या पंक्तीत बसवत नाही. मुलाला अपमान कळतो आणि तो वर्षानुवर्षं आठवतो. म्हणून त्याच्या बाबतीत हिशेब आणखी कडक आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेतला मार आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले, हे चांगलंच झालं. तरी ‘कायद्याने हात बांधले, नाहीतर वर्ग सरळ केला असता’ असं माझे सहकारी म्हणतात. वर्ग गप्प बसवता आला असता, हे मला मान्य आहे. तो मी त्या दिवशी बसवलाच होता. पण ‘सर, हा शब्द दोन प्रकारे वाचता येतो का?’ असं विचारणारा मुलगा त्या वर्गात असेल, तर त्यानेही त्या दिवशी हात खाली घेतला असणार.

आता मी तो शब्द फळ्यावर ज़ेर-ज़बर न देता लिहितो आणि मुलांना विचारतो, किती प्रकारे वाचाल? दोन्ही वाचनं आली की दोघांना शाबासकी. ‘मास्तरांचा कुत्रा’वर वर्ग अजूनही हसतो. मीही हसतो. हे त्या पहिल्या मुलाबरोबर करायचं राहून गेलं.