रुपयाची पत्रिका

‘रुपया पडून राहिला नं, भाऊ!’ हे वाक्य पुण्याच्या माणसाला ऐकवा. तो म्हणेल, पडून राहिलाय तर उचला की! आमच्या चंद्रपूरकडे मात्र ‘पडून राहिला’ म्हणजे पडतो आहे, पडणं चालू आहे आणि थांबायचं लक्षण नाही. रुपयाचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास दोन शब्दांत सांगायची सोय आमच्या बोलीइतकी दुसऱ्या बोलीत क्वचितच असेल.

खरं म्हणजे हा विषय ऊर्जानगरात निघायचं काही कारण नव्हतं. ऊर्जानगर म्हणजे चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत. २१० मेगावॉटचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला, तेव्हापासून इथले विषय ठरलेले : ओला कोळसा, बदली, क्वार्टरचं गळकं छत आणि कुंपणाशी दिसलेला वाघ. डॉलर हा शब्द यायचा तो परदेशी गेलेल्या पोरांच्या आईबापांच्या तोंडी, आणि तोही जरा उगाच मोठ्यानं. पण २९ ऑगस्ट २००८ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात डॉलरचे वायदे सुरू झाले, आणि पुढे तीनेक वर्षांनी आमच्या शेजारचे साहेब निवृत्त झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. तो साहेबांनी जोडला.

परकी नाण्याचा सौदा आपल्याकडे काही नवा नाही. भोसल्यांचं राज्य १८५३ साली संपेपर्यंत या मुलखात नागपुरी रुपया चालत होता आणि कंपनी सरकारचा रुपया निराळा. एक देऊन दुसरा घ्यायचा तर सराफ बट्टा कापायचा. आज आपण नावाला बट्टा लागला म्हणतो, तो हाच बट्टा. सराफाच्या दुकानातून निघून तो थेट अब्रूपर्यंत पोचला. पण सराफ नाणं वाजवून बघायचा, वजन करायचा. पुढची चाल सांगायला तो भिंतीवर चित्र काढत नव्हता.

चित्रं आली जपानातून. अठराव्या शतकात ओसाकाच्या दोजिमा बाजारात तांदळाचे सौदे व्हायचे. तिथल्या होम्मा नावाच्या व्यापाऱ्याशी ‘मेणबत्त्यां’ची पद्धत जोडली जाते. दिवसाचा उघडता भाव, बंद भाव, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा असे चार आकडे एका उभ्या ठोकळ्यात मांडायचे, की मेणबत्ती तयार. वरखाली निघालेल्या रेघा म्हणजे वाती. पाश्चात्त्य मंडळींना या मेणबत्त्यांचा उजेड पडला तो स्टीव्ह निसनच्या १९९१ च्या पुस्तकानंतर. आमच्या साहेबांच्या घरी पडला २०११ साली, नवीन संगणकासकट.

पहिलं वर्ष मेणबत्त्यांत गेलं. दुसऱ्या वर्षी सरासरीच्या रेघा आल्या : वीस दिवसांची, पन्नास दिवसांची, दोनशे दिवसांची. मग आला ‘आरएसआय’. हे यंत्र वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली जगापुढे ठेवलं. भाव किती दमात चढला किंवा उतरला ते शून्य ते शंभरांत मोजायचं. सत्तरच्या वर गेला की खरेदीचा अतिरेक झाला, तीसच्या खाली गेला की विक्रीचा. वाइल्डर मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर, हे कळल्यावर साहेबांना ते आपल्याच बिरादरीचे वाटू लागले. तिसऱ्या वर्षी इलियट नावाच्या हिशेबनिसाच्या लाटा आल्या. पाच लाटा वर, तीन खाली. अखेर पडद्यावर इतक्या रेघा झाल्या, की रुपया शोधायला चष्मा बदलावा लागला.

“हे बघा,” साहेब मला सांगायचे, “इतिहास स्वतःला पुन्हा लिहितो.”

आता रुपयाचा इतिहास बघा. १९४९ च्या सप्टेंबरात पौंडापाठोपाठ रुपयाचं अवमूल्यन झालं आणि डॉलर ३ रुपये ३० पैशांच्या आसपास होता तो ४ रुपये ७६ पैशांच्या घरात गेला. तिथून १९६६ पर्यंत त्याचा आलेख काढायचा तर फूटपट्टी पुरे. सपाट रेघ! कोणाही चार्टवाल्यानं सांगितलं असतं, माल एकदम स्थिर. आणि ६ जून १९६६ ला डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा झाला. लाट नाही, मेणबत्ती नाही, सरळ कडा. त्यामागे होते दुष्काळ, १९६५ चं युद्ध, परकी मदतीचा आटलेला ओघ आणि दिल्लीतला एक निर्णय. यांतलं एकही सपाट रेघेवर उमटलेलं नव्हतं.

१९९१ साली पुन्हा तेच. पंतप्रधान नरसिंह राव. आमच्या शेजारच्या रामटेकचे माजी खासदार, आणि हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीचे तेलुगू अनुवादक. १ जुलैला रुपया उतरवला. ते लोकांच्या लक्षात येतंय तोवर ३ जुलैला पुन्हा उतरवला. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण गेलं. मार्च १९९३ पासून रुपयाचा दर बाजारावर सोपवला गेला. म्हणजे तोवर जो जिना होता, त्याची घसरगुंडी झाली.

साहेबांची परीक्षा झाली २०१३ साली. मे महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख बर्नान्की बोलले, की बाजारात पैसा ओतणं कदाचित कमी करू. एवढ्यावर डॉलर ५५ रुपयांवरून निघाला. आरएसआय सत्तरच्या वर! साहेबांनी डॉलर विकला. तो आणखी चढला. आरएसआय अजून सत्तरच्या वर, म्हणून साहेबांनी आणखी विकला. एक सौदा हजार डॉलरचा असतो. अनामत थोडीशी लागते, पण रुपयाभर उलटं गेलं की सौद्यामागे हजार रुपये गेले. २८ ऑगस्टला डॉलर ६८ च्या पलीकडे पोचला, तेव्हा ग्रॅच्युइटीतून वरच्या मजल्यासाठी ठेवलेली रक्कम संपली होती. त्या घरावरच्या उघड्या सळया कितीतरी वर्षं आकाशाकडे बोट दाखवत उभ्या होत्या.

त्या रात्री वहिनी आरडाओरडा करतील असं आम्हांला वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “अहो, तुम्हीच पोरांना सांगत होते नं, पेनाकडे नको पाहू, बॉयलरकडे पाहा म्हणून? मग या रुपयाचं बॉयलर कुठं आहे?”

साहेबांची हयात कंट्रोल रूममध्ये गेली होती. तिथं कागदाच्या पट्टीवर शाईची पेनं रेघा ओढत असत : वाफेचं तापमान, दाब, भार. पेन खाली आलं की नवशिका पोरगा पेनाकडे टक लावून बसायचा. साहेब त्याला उठवायचे. कोळसा भिजलाय का, मिल बंद पडली का, ते जाऊन बघ! देशभराची मागणी वाढली आणि वीज कमी पडली की पन्नास सायकलचा काटा उतरतो. काट्यामुळे वीज कमी होत नाही. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं जे दुसऱ्यांना शिकवलं, ते घरच्या पडद्यासमोर बसल्यावर विसरायला त्यांना दोन वर्षं पुरली.

जंगलखात्याची माणसं हेच वेगळ्या शब्दांत सांगतात. पूर्वी वाघांची गणती पंजांच्या ठशांवरून व्हायची. ठसा बघून वाघ कुठून गेला ते कळतं, कोणत्या दिशेनं ते कळतं. पण वाघ आता कुठे आहे, हे ठशाला विचारून कोणी रात्री बाहेर पडत नाही. निदान ऊर्जानगरात तरी नाही.

आणि बॉयलर? तो दाखवणारा ग्रंथ जुना आहे. ज्या बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी आमच्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, त्यांनीच १९२३ साली लंडनमध्ये ‘दि प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रसिद्ध केला होता. विनिमयाचा दर सांभाळण्यापेक्षा रुपयाची देशातली खरेदीची ताकद सांभाळा, गरिबाचा संबंध तिच्याशी आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख. वहिनींनी तो ग्रंथ वाचला नव्हता. पण गोडेतेलाच्या डब्याची किंमत त्या दर महिन्याला कॅलेंडरच्या चौकोनात लिहीत. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून येतं, खनिज तेल तर बहुतेक सगळंच. दोन्हींचं बिल डॉलरमध्ये. तेव्हा रुपयाचं बॉयलर कुठं धडधडतं ते कॅलेंडरवर लिहिलेलं होतं. साहेब त्यावर फक्त सिलिंडरची तारीख बघायचे.

साहेब बदलले, पण सावकाश. आधी लाटा गेल्या, मग सरासऱ्या, शेवटी मेणबत्त्या. मे २०२४ पासून नियमच झाला, की रुपयाच्या या वायद्यांत ज्याचा परकी चलनाशी खराखुरा व्यवहार असेल त्यानंच उतरावं. साहेबांकडचं परकी चलन म्हणजे नातवानं आणलेली सिंगापूरची चार नाणी. तेव्हा तो दरवाजाही बंद झाला, आणि साहेबांनी हुश्श केलं.

२०२५ च्या डिसेंबरात डॉलरनं नव्वदी ओलांडली, तेव्हा कट्ट्यावर मी ती बातमी वाचून दाखवली. पूर्वी अशा वेळी साहेब पुढचे तीन आकडे तारखांसकट सांगत. या वेळी त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि विचारलं, “कशानं?”