प्रश्नाचा अधिकार आणि हिशेबाची परंपरा

रामनगरातील जुन्या मराठी घरांत कागदांची एक पिशवी बहुधा असतेच. सुप्याच्या धरणात गेलेल्या जमिनीचा उतारा, नुकसानभरपाईची नोटीस, पुनर्वसनात मिळालेल्या जागेचा कागद आणि मधल्या काळात निरनिराळ्या कचेऱ्यांत दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्या, असा तिच्यातील ऐवज. अर्ज करण्याची विद्या आपल्याला चांगली अवगत आहे. परंतु अर्ज आणि प्रश्न यांत एक मूलभूत भेद आहे. अर्जदार विनंती करतो; तिला उत्तर केव्हा मिळावे हे पुष्कळदा कचेरीच्या मर्जीवर अवलंबून राहते. विधिमंडळाच्या सदस्याने विचारलेला प्रश्न मात्र एकदा दाखल झाला की त्याला उत्तर देणे हे मंत्र्याचे कर्तव्य ठरते. ते उत्तर सभागृहासमोर येते, छापले जाते आणि पुढच्या पिढीलाही वाचता येते. हा अधिकार आपल्याकडे आपोआप आला नाही. तो पायरी-पायरीने मिळवावा लागला, आणि त्या वाटचालीत आपल्या जुन्या मुंबई इलाख्याचा, किंबहुना आपल्या कारवार जिल्ह्याचाही, वाटा आहे.

उत्तर कानडा जिल्हा 1862 साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. त्याच्या आदल्याच वर्षी झालेल्या कायद्याने हिंदुस्थानात कौन्सिले स्थापन झाली होती. पण त्यांचे काम कायदे करण्यापुरते मर्यादित होते. सरकार कर किती घेते आणि त्याचे काय करते, हे विचारण्याची तेथे सोय नव्हती. 1892 च्या कायद्याने प्रथमच दोन गोष्टी दिल्या: अंदाजपत्रकावर बोलण्याची संधी आणि सरकारला प्रश्न विचारण्याची परवानगी. त्यानुसार व्हाइसरॉयच्या कौन्सिलात पहिला प्रश्न 16 फेब्रुवारी 1893 रोजी विचारला गेला. विचारणारे होते भिंगा संस्थानचे राजे. प्रश्नाचा विषय साम्राज्याच्या संरक्षणाचा किंवा परराष्ट्रनीतीचा नव्हता. साहेबलोक दौऱ्यावर निघाले की त्यांच्या तळाला रसद पुरवताना खेड्यांतील दुकानदारांची जी ओढाताण होई, तिच्याविषयी तो होता. देशाच्या इतिहासातील पहिला प्रश्न एका गावातील दुकानाच्या उंबरठ्यावरून निघाला, ही गोष्ट आपल्यासारख्या आडवळणाच्या गावांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या अधिकाराला कुंपणही तितकेच भक्कम होते. उत्तर वाचून दाखवले की विषय संपे. उत्तर अपुरे असो वा बगल देणारे असो, त्यावर दुसरा प्रश्न करता येत नसे. अंदाजपत्रकावर भाषण करता येई, पण मत देता येत नसे. सरकारी सभासदांचे बहुमत ठरलेलेच होते. 1901 साली मुंबई कौन्सिलात जमीनमहसुलाच्या कायद्यातील दुरुस्तीला विरोध करून फिरोजशहा मेहता आणि त्यांच्यासोबत गोपाळ कृष्ण गोखले सभागृहाबाहेर पडले, ते याच असहायतेतून. मतांनी हरवणे शक्य नसेल तर निषेध नोंदवणे एवढेच हाती उरते.

गोखल्यांनी पुढे या मर्यादित संधीचेच शस्त्र केले. 26 मार्च 1902 रोजी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात त्यांनी अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. सरकारी खजिन्यात शिल्लक पडत आहे म्हणून अधिकारीवर्ग समाधानात होता. गोखल्यांनी त्या शिलकीवरच बोट ठेवले. लागोपाठ दुष्काळांनी देश पोळला असता खजिन्यात शिल्लक राहते, याचा अर्थ रयत सुखी आहे असा होत नाही. तिच्याकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतला जात आहे असा होतो, हा त्यांचा मुद्दा. मिठावरील कर तेव्हा मणामागे अडीच रुपये होता. तो 1903 साली दोन रुपये, 1905 साली दीड रुपया आणि 1907 साली एक रुपया झाला. ही सारी कपात एका माणसाच्या भाषणाचे फळ आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्या सभागृहात एकही मत आपल्या हाती नाही तेथेही सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडून त्याला उत्तर देण्यास भाग पाडता येते, हे गोखल्यांनी सिद्ध केले.

या भाषणांमागील एका नावाचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी हे पेशाने शिक्षक, वृत्तीने आकडेशास्त्री. सरकारी अहवाल आणि जमाखर्चाची पुस्तके धुंडाळून त्यांनी गोखल्यांना सामग्री पुरवली. कलकत्त्याच्या सभागृहात उठणाऱ्या आवाजाला सोलापूरच्या एका शाळामास्तराची बैठक होती. जोशी स्वतः त्या सभागृहात कधी बोलले नाहीत. तरी त्या भाषणांचा अर्धा इतिहास त्यांचा आहे.

1909 च्या सुधारणांनी मूळ प्रश्न विचारणाऱ्या सभासदाला उपप्रश्नाचा अधिकार दिला आणि 1919 च्या सुधारणांनंतर तो कोणाही सभासदाला मिळाला. हा बदल वरवर किरकोळ वाटतो. वस्तुतः प्रश्नोत्तरांचा प्राण त्यातच आहे. मूळ प्रश्न आधी कळवलेला असतो, त्यामुळे त्याचे उत्तर कचेरीत बसून सावकाश लिहिता येते. उपप्रश्न मात्र त्या क्षणी येतो. “चौकशी चालू आहे” असे उत्तर मिळाले की “चौकशी केव्हा सुरू झाली, कोण करीत आहे आणि ती केव्हा संपेल?” असे तेथल्या तेथे विचारता येते. मंत्र्याला आपल्या खात्याची खरोखर किती माहिती आहे, हे तेथेच उघडे पडते.

1919 च्या याच सुधारणांनुसार 1921 साली मुंबईचे नवे कायदेकौन्सिल भरले. काही खाती मंत्र्यांकडे आली, खर्चाच्या काही मागण्या मताला टाकल्या जाऊ लागल्या, आणि केंद्रात खर्चाची तपासणी करणारी लोकलेखा समितीही स्थापन झाली. त्या कौन्सिलाचे पहिले अध्यक्ष होते सर नारायण गणेश चंदावरकर. ते मूळचे आपल्याच जिल्ह्यातील होन्नावरचे. 1900 सालच्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्षपद आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद भूषवलेला हा प्रार्थनासमाजी गृहस्थ त्या खुर्चीवर बसला, तेव्हा शरावतीकाठच्या एका गावाचा मुलगा मुंबई इलाख्याच्या प्रश्नोत्तरांचा नियंता झाला होता.

1937 साली मंत्रिमंडळ निवडून आलेल्या विधानसभेला जबाबदार झाले आणि सभापती झाले गणेश वासुदेव मावळंकर. त्यांचे घराणे संगमेश्वर तालुक्यातील मावळंग्याचे. तेथून अहमदाबादेत जाऊन स्थिरावलेले. मूळ गाव सोडून परक्या भाषेच्या मुलखात रुजलेल्या मराठी कुटुंबांना हे उदाहरण आपलेसे वाटावे. पुढे 1952 साली ते लोकसभेचे पहिले सभापती झाले. त्यांच्या कारकिर्दीत रुजलेल्या प्रथांपैकी एक आपल्या दृष्टीने मोलाची आहे. सभागृहात मंत्री सहज म्हणून जातात, “विचार करू”, “माहिती घेऊन सांगू”, “योग्य ती कारवाई होईल”. ही वाक्ये हवेत विरून जाऊ नयेत म्हणून 1953 साली लोकसभेत शासकीय आश्वासन समिती नेमण्यात आली. दिलेला शब्द टिपून ठेवायचा आणि तो पाळला की नाही हे विचारायचे, एवढेच तिचे काम. अशा समित्या पुढे राज्यांतही आल्या.

प्रश्नाचे सामर्थ्य किती, हे 1957 साली देशाने पाहिले. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवली होती. त्याविषयी लोकसभेत सप्टेंबरात प्रश्न आला आणि डिसेंबरात फिरोज गांधी यांनी तो विषय तपशीलवार धसास लावला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. प्रश्न विचारणारा सत्तारूढ पक्षाचाच सभासद होता, हे विशेष.

प्रत्येक प्रश्न इतक्या लवकर फळत नाही. राजापूर मतदारसंघातून बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते यांनी कोकणच्या रेल्वेचा पाठपुरावा वर्षानुवर्षे केला. कोकण रेल्वे महामंडळ 1990 साली स्थापन झाले आणि संपूर्ण मार्ग 1998 साली खुला झाला. नाथ पै 1971 सालीच निवर्तले होते. आज कारवार स्थानकावर गाडीत बसणाऱ्याला त्या जुन्या प्रश्नांची आठवण असण्याचे कारण नाही. तरी ते विचारले गेले होते.

आपल्या जिल्ह्यापुरते पाहता 1 नोव्हेंबर 1956 हा दिवस निर्णायक ठरला. उत्तर कानडा म्हैसूर राज्यात गेला. मुंबईच्या सभागृहात मराठीत गाऱ्हाणे समजणारे कान होते. आता कारभाराची भाषा बदलली. ही अडचण खरी आहे. पण तिच्यावर सारे खापर फोडणे योग्य नव्हे. ज्याला इतर भाषांत नीट व्यक्त होता येत नाही अशा सदस्याला अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येते, अशी तरतूद घटनेच्या 210 व्या अनुच्छेदात आहे. राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा नागरिकाचा हक्क 350 व्या अनुच्छेदात आहे. आणि भाषा वेगळी म्हणून परंपराही परकी होते असे नाही. 1967 साली कानडा मतदारसंघातून लोकसभेवर अपक्ष म्हणून निवडून आलेले दिनकर देसाई हे कन्नडचे लोकप्रिय कवी. पण सार्वजनिक कार्याची दीक्षा त्यांनी गोखल्यांच्या भारत सेवक समाजात घेतलेली होती. गोखल्यांचा वारसा कन्नड वाणीतूनही आपल्या जिल्ह्याकडे आला, तो असा.

यानंतर सुप्याचा विषय. काळी नदीवर 101 मीटर उंचीचे धरण उभे राहिले, सुपा गाव पाण्यात गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले आणि विस्थापितांपैकी अनेकांनी रामनगरात नवी चूल मांडली. हे धरण राज्याच्या वीज महामंडळाचे. येथे एक बारकावा समजून घेतला पाहिजे. सरकारी खात्याचा खर्च मागण्यांच्या रूपाने दरवर्षी सभागृहापुढे येतो. त्यावर कपात सूचना देता येते. महामंडळाचा खर्च तसा बाबवार सभागृहासमोर येत नाही. महसूल खात्याकडे बोट दाखवावे तर ते महामंडळाकडे दाखवते, आणि महामंडळाकडे जावे तर ते महसुलाकडे. अशा वेळी जमाखर्चाची तपासणी नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालांतून आणि सार्वजनिक उपक्रम समितीपुढे होते. म्हणून प्रश्न कोणत्या मंत्र्याला आणि कोणत्या मार्गाने विचारायचा, हे ठरवणे ही निम्मी लढाई आहे.

उरलेली निम्मी लढाई प्रश्नाच्या घडणीची. “विस्थापितांसाठी सरकार काय करीत आहे?” असे विचारले तर “शक्य ते सर्व करीत आहे” हे उत्तर तयारच असते. याउलट, अमुक वर्षी अमुक शीर्षाखाली किती तरतूद झाली, पैकी 31 मार्चपर्यंत किती खर्ची पडली, किती परत गेली, किती कुटुंबांचे हक्कपत्र बाकी आहे आणि ते कोणत्या कारणाने, असे विचारले की उत्तरात आकडा द्यावा लागतो. आकडा एकदा छापला गेला की तो पुढल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने कागद मिळवण्याचे काम नागरिकाच्याही हाती आले आहे. मात्र त्या कायद्याने कागद मिळतो. धोरण असे का ठरले आणि ते कधी बदलणार, याचे उत्तर सभागृहात मंत्र्यालाच द्यावे लागते.

2006 पासून कर्नाटक विधिमंडळाची अधिवेशने बेळगावातही भरू लागली आणि 2012 साली तेथे सुवर्ण विधानसौध उभा राहिला. बंगळूर दूर आहे ही सबब त्या दिवसांपुरती तरी आपल्याला उरत नाही. सभागृहात उभे राहण्याचे काम आमदाराचे. परंतु त्याच्या हातातील कागद कोणीतरी लिहावा लागतो. तो लिहायला लागणारे उतारे, नोटिसा आणि पोचपावत्या आपल्या घरांतल्या पिशव्यांत पडून आहेत. त्या वेळीच उलगडून, वर्षवार लावून, त्यांचा गोषवारा करून ठेवणे हे काम आपले. सोलापूरच्या त्या शाळामास्तराने याहून वेगळे काही केले नव्हते.