सागवानी तक्तपोशीचे जतन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

अंबरनाथ पूर्वेतील शिवमंदिराचा काळ निश्चितपणे सांगता येतो, कारण तेथील शिलालेखात शके ९८२ (इ.स. १०६०) ही नोंद कोरलेली आहे. लाकडी वास्तूंना असे भाग्य क्वचितच लाभते. जुने वाडे, बंगले व शिक्षणसंस्था यांच्या माडीवरील तक्तपोशीवर, म्हणजे सागवानी फळ्यांच्या जमिनीवर, कोणी तिथी कोरून ठेवलेली नसते. फळीची रुंदी, खिळ्याची घडण, तासणीच्या खुणा व पावलांनी झालेली झीज हाच तिचा लेख होय. त्यामुळे वरचा गालिचा काढून अशी जमीन पूर्ववत करणे हे केवळ सुतारकाम राहत नाही. ऐतिहासिक साधन टिकणार की पुसले जाणार, हा प्रश्न त्यात गुंतलेला असतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

सागवान आणि आच्छादने

कल्याण-भिवंडी परिसरात शिवाजी महाराजांच्या आरमाराची पायाभरणी झाली. पुढे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ मधील 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. सागातील नैसर्गिक तेल व वाळवीला रोखणारी द्रव्ये हे या टिकाऊपणाचे कारण होय. घरबांधणीतही हेच लाकूड प्रतिष्ठा पावले. देशावरील ठळक उदाहरण म्हणजे पुण्याचा विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि १८७९ च्या आगीत त्याचा काही भाग जळाला. एकाच वास्तूवर अनेक काळांचे थर कसे चढतात, हे यावरून ध्यानात येते.

जाजम वा सतरंजी उचलून झटकता येई. जमिनीला हवा मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिनोलियम आले आणि पुढे गोंदाने चिकटवलेले गालिचे आले. त्यांच्याखाली कोकणातील पावसाळी ओल कोंडली जाते. लाकडातील आर्द्रता वीस टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली, तर बुरशी धरते.

जतनाची पद्धती

आच्छादन काढताना प्रथम छायाचित्रे व मोजमापे घ्यावीत. हाताने घडवलेले खिळे आणि नंतरचे यंत्रनिर्मित तारेचे खिळे यांची वेगळी नोंद ठेवावी, कारण दुरुस्तीचा काळ त्यांवरून अजमावता येतो. गोंद हाताने खरवडावा. जुन्या लिनोलियमच्या पाठीत वा गोंदात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने आधी तपासणी करावी. कुजलेल्या भागापुरताच जुन्या सागाचा तुकडा बसवावा. घासणीयंत्राने जमीन चकाकते. मात्र तासणीच्या खुणा व झीज कायमची नष्ट होतात.

निष्कर्ष

१९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार, जेथे अनुमान सुरू होते तेथे पुनःस्थापन थांबले पाहिजे आणि सर्व कालखंडांच्या योगदानाचा आदर राखला पाहिजे. या न्यायाने काढलेल्या आच्छादनाचाही एक नमुना नोंदीसह जपणे इष्ट ठरते. आपल्या अनेक महाविद्यालयांच्या जुन्या इमारतींत दुरुस्तीचा निर्णय बहुधा अंदाजपत्रकावरच होतो. घासणीयंत्र चालू होण्यापूर्वी इतिहास विभागाने ती जमीन एकदा वाचलेली असावी, इतकी अपेक्षा रास्त ठरेल.