समलिंगी प्रणयकादंबरी, इंग्रजी
समलिंगी प्रणयकादंबरी, इंग्रजी : एकाच लिंगाच्या दोन व्यक्तींमधील प्रेम हा जिचा मध्यवर्ती विषय असतो आणि जिच्यात त्या प्रेमाची परिणती विनाशात न होता बहुधा सहजीवनात होते, अशी कादंबरी. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पुरुषांच्या परस्परप्रेमावरील कादंबऱ्यांचा विचार केला आहे. स्त्रियांविषयीच्या कादंबऱ्यांचा उल्लेख अनुषंगाने येईल. या प्रकाराच्या इतिहासात प्रेम आणि उपचार या दोन कल्पना सुरुवातीपासून एकमेकींत गुंतलेल्या आहेत. आरंभी प्रेम हीच व्याधी मानली गेली व तिच्यावर वैद्याने इलाज करावा, अशी अपेक्षा होती; पुढे कादंबरीकारांनी हे नाते उलटे केले आणि दुखावलेल्या माणसाला सावरणारी शक्ती म्हणून त्याच प्रेमाचे चित्रण केले. हे स्थित्यंतर घडण्यास सुमारे शंभर वर्षे लागली.

समलिंगी आकर्षणाला वैद्यकीय परिभाषेत स्थान मिळाले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. कार्ल मारिया केर्टबेनीने १८६९ मध्ये या आकर्षणासाठी नवा जर्मन शब्द योजिला, तो प्रशियातील दंडविधानाला विरोध करण्यासाठी; परंतु रिखार्ट फोन क्राफ्ट-एबिंग या मनोविकृतितज्ञाच्या १८८६ मधील ग्रंथानंतर तो शब्द रुग्णालयाच्या भाषेत रूढ झाला. इंग्लंडमध्ये पुरुषांच्या समागमास देहान्ताची असलेली शिक्षा १८६१ मध्ये रद्द झाली, तथापि १८८५ च्या कायद्याने पुरुषांमधील कोणतीही ‘घोर असभ्य’ वर्तणूक दंडनीय ठरविली. याच कायद्याखाली ऑस्कर वाइल्डला १८९५ मध्ये दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. माणूस एक तर गुन्हेगार किंवा रुग्ण, असे दोनच पर्याय उरले होते. त्यांपैकी दुसरा पर्याय अनेकांना दयाळूपणाचा वाटला, हे लक्षात घेतले पाहिजे. न्यायाधीशापेक्षा डॉक्टर बरा, अशी ती समजूत होती.

या विषयावरील आरंभीच्या कादंबऱ्यांत अमेरिकन लेखक बेयर्ड टेलर (१८२५–७८) याच्या जोझेफ अँड हिज फ्रेंड (१८७०) या कादंबरीचा उल्लेख करावा लागतो. पेनसिल्व्हेनियातील एक भोळा तरुण शेतकरी आगगाडीच्या अपघातात जखमी होतो आणि त्याच गाडीतील एक सहप्रवासी त्याची शुश्रूषा करतो; त्यातून दोघांचा जिव्हाळा जुळतो. जखम, शुश्रूषा आणि तीतून उमललेले प्रेम हा साचा पुढे शंभर वर्षे वापरला गेला. अर्थात टेलरला ही मैत्री शेवटपर्यंत नेता आली नाही. नायकाचा विवाह मित्राच्या बहिणीशी होणार, असे सुचवून त्याने सुटका करून घेतली. एडवर्ड प्राइम-स्टीव्हन्सन याने झेव्हिअर मेन या टोपणनावाने नेपल्स येथे खाजगीरीत्या छापविलेली इम्रे (१९०६) ही कादंबरी अधिक धीट आहे. हंगेरीत भेटलेले एक इंग्रज गृहस्थ व एक लष्करी अधिकारी एकमेकांना आपले गुपित सांगतात आणि कथा त्यांच्या मीलनाने संपते. कादंबरीचा बराचसा भाग दीर्घ आत्मनिवेदनांनी व्यापलेला असल्यामुळे ती आज वाचण्यास जड जाते. मात्र मनातील गोष्ट बोलून दाखविल्यानेच अर्धे दुःख हलके होते, ही तिची जाण खरी आहे.

या प्रकारातील निर्णायक कृती म्हणजे ई. एम. फॉर्स्टर (१८७९–१९७०) याची मॉरिस ही कादंबरी. तिचे मूळ एका भेटीत आहे. एडवर्ड कार्पेंटर (१८४४–१९२९) हा समाजवादी लेखक डर्बीशरमधील मिलथॉर्प या खेड्यात जॉर्ज मेरिल या शेफील्डच्या कामगार वर्गातील जोडीदाराबरोबर उघडपणे राहत असे. कार्पेंटरने १८९०–९१ मध्ये श्रीलंका व भारत यांचा प्रवास केला होता आणि त्या प्रवासाच्या वृत्तान्ताच्या शीर्षकातच मुंबईजवळच्या घारापुरीचे नाव आहे. फॉर्स्टर १९१३ मध्ये मिलथॉर्पला गेला असता मेरिलने त्याच्या पाठीला सहज स्पर्श केला आणि त्या क्षणी संपूर्ण कादंबरी आपल्या मनात उभी राहिली, असे त्याने पुढे नमूद केले आहे. लेखन १९१४ मध्ये पूर्ण झाले. प्रसिद्धी मात्र १९७१ मध्ये, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर झाली. मधल्या काळात टंकलिखित प्रती विश्वासातल्या मित्रांच्या हाती फिरत राहिल्या आणि फॉर्स्टर वेळोवेळी त्यांत फेरफार करीत राहिला.

मॉरिस हॉल हा लंडनच्या शेअरबाजारातील एक सामान्य बुद्धीचा, सुखवस्तू तरुण. केंब्रिज येथे क्लाइव्ह डरम या सहाध्यायाशी त्याचे प्रेम जमते. क्लाइव्हला ते प्लेटोच्या ग्रंथांतल्याप्रमाणे शरीरापासून दूर ठेवावयाचे असते. पुढे ग्रीसच्या प्रवासानंतर क्लाइव्ह स्त्रियांकडे वळतो व विवाह करतो. एकाकी पडलेला मॉरिस स्वतःला रोगी समजून वैद्यांच्या दारी जातो. त्याचे कुटुंबस्नेही वृद्ध डॉक्टर बॅरी हे बोलणे ऐकून घेण्यासच नकार देतात. असला वाह्यात विचार पुन्हा मनात आणू नकोस, एवढाच त्यांचा सल्ला. लास्कर जोन्स हा दुसरा वैद्य आधुनिक आहे. तो रागावत नाही, निंदा करीत नाही, शांतपणे रोगाचे नाव सांगतो, यशाचे प्रमाण निम्म्या रुग्णांपुरते असल्याचेही सांगतो आणि संमोहनाने उपचार सुरू करतो. भिंतीवर नसलेले स्त्रीचे चित्र मॉरिसला दिसावे, अशी सूचना तो देतो. फॉर्स्टरने हा प्रसंग टिंगलीच्या सुरात लिहिलेला नाही, हे विशेष होय. वैद्य सज्जन आहे. त्याचे ज्ञानच चुकीच्या जागी लावलेले आहे.

त्याच रात्री मॉरिस डरमच्या पेंज येथील वाड्यात परततो, खिडकीतून बाहेरच्या अंधारात हाक मारतो आणि वाड्यावरचा शिकार-राखण्या अ‍ॅलेक स्कडर शिडी लावून वर येतो. दुसऱ्या बैठकीत संमोहन लागतच नाही. जेथे नेपोलियनची दंडसंहिता चालते अशा फ्रान्स किंवा इटलीसारख्या देशात जाऊन राहावे, एवढेच वैद्य आता सुचवू शकतो. बरे होण्याचा खरा प्रसंग वेगळाच आहे. मॉरिस व अ‍ॅलेक यांच्यात वर्गभेदाची दरी आहे, अविश्वास आहे. अ‍ॅलेक गुपित फोडण्याची धमकीही देतो. ब्रिटिश म्युझियममध्ये दोघे समोरासमोर येतात, भांडतात आणि त्या भांडणातून एकमेकांची भीती ओळखतात. अर्जेंटिनाला निघालेले जहाज अ‍ॅलेक सोडून देतो. कादंबरीच्या शेवटी दोघे सभ्य समाजाबाहेर, रानात राहण्यास निघून जातात.

सुखान्त शेवट अपरिहार्य होता, त्यावाचून आपण लिहिण्याची तसदीच घेतली नसती, असे फॉर्स्टरने १९६० मध्ये जोडलेल्या टिपणात म्हटले आहे. नायकांचा शेवट गळफासाने वा आत्मघाताने केला असता तर पुस्तक छापणे सोपे झाले असते, अशीही कडवट पुस्ती त्याने जोडली. हा शेवट सर्वांना पटला नाही. लिटन स्ट्रेची (१८८०–१९३२) याला हे नाते फार काळ टिकण्यासारखे वाटत नव्हते. आजही अनेक टीकाकार शेवटचा वनवास भाबडा मानतात आणि त्यात तथ्य आहे. शेअरदलाल व राखण्या उपजीविकेसाठी काय करणार, हा प्रश्न कादंबरी टाळते. दोघे लाकूडतोडे झाल्याचे दाखविणारा उपसंहार फॉर्स्टरने लिहून नंतर गाळला, यावरून ही अडचण त्यालाही जाणवली असावी. पण शिक्षेवाचून संपणारी अशी कथा एखाद्या मान्यवर इंग्रज कादंबरीकाराने त्या काळात लिहावी, हेच मोठे धाडस होते. क्रिस्टफर इशरवुड (१९०४–८६) याने अमेरिकेतील प्रकाशनाचे हक्क मिळाल्यावर ते उत्पन्न तरुण ब्रिटिश लेखकांना साहाय्य देण्याकडे वळविले. १९८७ मध्ये जेम्स आयव्हरी या दिग्दर्शकाने कादंबरीवर चित्रपट काढला. त्याचा निर्माता मुंबईत जन्मलेला इस्माइल मर्चंट (१९३६–२००५) हा होता.

फॉर्स्टरच्या चरित्रातील एक प्रकरण मराठी वाचकाच्या परिचयाच्या मुलखातील आहे. माळव्यातील थोरली पाती देवास हे पवार घराण्याचे मराठा संस्थान. तेथील राजे तुकोजीराव तिसरे यांचा खाजगी चिटणीस म्हणून फॉर्स्टरने १९२१ मध्ये काही महिने काम केले आणि पुढे द हिल ऑफ देवी (१९५३) हे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकात न आलेला मजकूर १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून दिसते की, आपले पुरुषांविषयीचे आकर्षण फॉर्स्टरने महाराजांजवळ कबूल केले असता त्यांनी न रागावता ते समजुतीने ऐकून घेतले. इंग्लंडमध्ये ज्या कबुलीने तुरुंग ओढवला असता, ती येथे एका संस्थानिकाच्या खोलीत सहज पचली. मात्र त्यानंतर दरबारातील एका न्हाव्याशी आलेल्या संबंधात फॉर्स्टर स्वतः क्रूरपणे वागला, ही गोष्टही त्यानेच नोंदविली आहे. मॉरिसमधील वर्गभेद ओलांडणारे प्रेम आणि देवास येथील मालक-नोकराचे हे नाते यांतील अंतर मोठे आहे.

दुसऱ्या महायुद्धाने शुश्रूषेचा विषय पुन्हा पुढे आणला. मेरी रेनॉल्ट (१९०५–८३) ही ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ रुग्णालयात शिकलेली परिचारिका. डंकर्कहून आलेल्या जखमी सैनिकांची सेवा तिने केली होती. तिच्या द चॅरिअटीअर (१९५३, सारथी) या कादंबरीचा नायक लॉरी ओडेल याचा गुडघा डंकर्क येथे कामातून गेलेला आहे. लष्करी रुग्णालयात त्याचे मन अँड्र्यू या क्वेकर पंथीय, युद्धास नकार देऊन सेवकाचे काम पत्करलेल्या तरुणाकडे ओढले जाते. त्याच सुमारास शाळेतील जुना नायक राल्फ लॅनियन त्याला पुन्हा भेटतो. राल्फच्या हाताची बोटे युद्धात गेली आहेत. प्लेटोच्या फीड्रस या संवादातील दोन घोड्यांच्या रथाचे रूपक कादंबरीला नाव व बांधणी पुरविते. रुग्णालयाचे चित्रण अत्यंत विश्वसनीय आहे : खाटांची रांग, ड्रेसिंगच्या वेळा, रुग्णांची आपापसांतली थट्टा, रात्रपाळीची शांतता. संवाद मात्र पुष्कळदा इतके आडवळणाचे आहेत की, वाचकाला तीच ओळ पुन्हा वाचावी लागते. येथे कोणी पूर्ण बरा होत नाही. लॉरीचा पाय अधूच राहतो, राल्फचा हात परत येत नाही. एकमेकांच्या व्यंगाची लाज न वाटणे, एवढाच इलाज रेनॉल्टला शक्य वाटतो. आत्मनाशाच्या कडेला गेलेल्या राल्फकडे लॉरी परततो, येथे कादंबरी थांबते.

हे पुस्तक कोणत्या काळात निघाले, ते पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग याला न्यायालयाने दोषी ठरवून तुरुंगाऐवजी संप्रेरकाची टोचणी घेण्याचा पर्याय दिला होता. १९५४ मध्ये त्याचा मृत्यू झाला. ब्रिटनमधील काही रुग्णालयांत विजेचे धक्के व वांतिकारक औषधे देऊन पुरुषांचे आकर्षण ‘घालविण्याचे’ प्रयोग १९५० व १९६० च्या दशकांत चालू होते. अमेरिकन प्रकाशकाने द चॅरिअटीअर छापण्याचे नाकारल्यामुळे ती तेथे १९५९ मध्येच येऊ शकली.

त्या काळातील इतर गाजलेल्या कादंबऱ्या बहुधा शोकान्त आहेत. रॅडक्लिफ हॉल (१८८०–१९४३) हिच्या द वेल ऑफ लोन्लिनेस (१९२८) वर इंग्लंडमध्ये खटला होऊन बंदी आली. तीत नायिका आपल्या प्रेयसीच्या सुखासाठी तिचा त्याग करते. गोर व्हिडालच्या द सिटी अँड द पिलर (१९४८) चा मूळ शेवट खुनाने होतो, तर जेम्स बॉल्डविनच्या जोव्हानीज रूम (१९५६) वर गिलोटिनची छाया आहे. पॅट्रिशिया हायस्मिथ (१९२१–९५) हिने टोपणनावाने लिहिलेली द प्राइस ऑफ सॉल्ट (१९५२) ही त्यांत वेगळी उठून दिसते. दोन नायिकांना एकत्र जगण्याची आशा ठेवणाऱ्या या कादंबरीच्या लेखिकेला अनोळखी वाचकांची असंख्य पत्रे आली. आपल्यासारख्यांची गोष्ट आत्महत्येवाचून संपलेली प्रथमच वाचली, असा अनेकांचा सूर होता.

इंग्लंड व वेल्समध्ये १९६७ च्या कायद्याने एकवीस वर्षांवरील पुरुषांचे खाजगीतील संबंध गुन्हा राहिले नाहीत. अमेरिकन मनोविकारतज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलिंगी आकर्षण विकारांच्या यादीतून वगळले. कादंबरीतील वैद्य त्यानंतर जवळजवळ नाहीसा होतो. गॉर्डन मेरिकची द लॉर्ड वोन्ट माइंड (१९७०) ही सुखान्त कादंबरी खपाच्या यादीत झळकली; पॅट्रिशिया नेल वॉरेनच्या द फ्रंट रनर (१९७४) मध्ये धावपटू व त्याचा प्रशिक्षक यांचे प्रेम आहे, पण तिचा नायक गोळीला बळी पडतो. याच दशकात दूरचित्रवाणीवरील स्टार ट्रेक या मालिकेच्या चाहत्या स्त्रियांनी तिच्यातील दोन नायकांच्या प्रेमाच्या कथा लिहून चक्रमुद्रित नियतकालिकांतून वाटल्या. एकाने जखमी व्हावे व दुसऱ्याने त्याची सेवा करावी, हा त्यांतला एक आवडता विषय होता. पुरुषांच्या प्रणयकथांच्या लेखक व वाचक मोठ्या प्रमाणावर स्त्रिया असणे, ही आजची वस्तुस्थिती तेथून सुरू झाली.

१९८१ मध्ये एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले आणि शुश्रूषा ही कथेतील सोय न राहता घराघरांतील काम झाले. पॉल मोनेट (१९४५–९५) याने आपल्या जोडीदाराच्या आजाराची आठवण बॉरोड टाइम (१९८८) मध्ये लिहिली, तर आफ्टरलाइफ (१९९०) या कादंबरीत जोडीदार गमावलेल्या तीन पुरुषांनी पुन्हा प्रेम करण्याचे धैर्य कसे मिळविले, हे दाखविले. रोगावर औषध नाही हे पात्रांना ठाऊक आहे. तरीही कोणीतरी उशाशी बसले पाहिजे, या जाणिवेवर ही कादंबरी उभी आहे. मोनेटचे लेखन कित्येकदा संतापाने भरकटते, परंतु तो संताप वाचकाला अनाठायी वाटत नाही.

भारतात ब्रिटिशांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेले ३७७ वे कलम प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या संबंधांपुरते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी अवैध ठरविले. आर. राज राव यांची मुंबईत घडणारी द बॉयफ्रेंड (२००३) ही इंग्रजी कादंबरी त्यापूर्वीची आहे. मराठीत विजय तेंडुलकर यांच्या मित्राची गोष्ट या नाटकाने १९८१ मध्ये हा विषय रंगभूमीवर आणला. त्याच्या नायिकेला मात्र आत्मघाताखेरीज वाट उरत नाही. सचिन कुंडलकर यांच्या कोबाल्ट ब्लू (२००६) या कादंबरीत घरी भाड्याने राहावयास आलेल्या एकाच तरुणावर भाऊ व बहीण दोघेही प्रेम करतात आणि तो निघून गेल्यावर आपापल्या दुःखातून वेगवेगळ्या मार्गांनी सावरू पाहतात. जेरी पिंटो यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.