गर्भाचे ठोके

१८२१ साली पॅरिसमध्ये केर्गारादेक यांनी गर्भवतीच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला तो गर्भजलाची खळबळ ऐकण्यासाठी. ऐकू आले ते बाळाच्या हृदयाचे ठोके. तोवर बाळ हालते की नाही हे मुख्यतः आईच सांगे, हे आम्ही सहसा विसरतो. १९५८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड हॉन यांनी ठोक्यांची विद्युत-नोंद मांडली. पण कागदावर अखंड रेषा उमटू लागली म्हणून बाळे अधिक वाचली का? डब्लिनमधील सुमारे १३,००० प्रसूतींचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. ठरावीक वेळाने कानाने ऐकण्यापेक्षा यंत्राच्या सततच्या नोंदीने नवजातांचे झटके निम्म्यावर आले. मृत्यू मात्र घटले नाहीत. आता पोटावर चिकटणारे इवले, बिनतारी सेन्सर आले आहेत. पट्ट्यांनी खाटेला जखडलेली बाई त्यामुळे कळा देताना हिंडू शकते, ही सोय आम्ही कमी लेखत नाही.