रहाटकऱ्याची माळ

येवल्याच्या पैठणीचे रेशीम मागावर चढण्याआधी ज्याच्या हातून जायचे, त्या कारागिराचे नाव रहाटकरी. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत नाशिककडच्या रेशीमकामाचे बारीक वर्णन आहे, त्यात तो भेटतो. मुंबईहून आलेल्या चिनी आणि बंगाली रेशमाच्या लडी फाळक्यावर घ्यायच्या, जाड-बारीक तार निवडायची, असारीवर, म्हणजे फिरत्या चौकटीवर, गुंडाळायची आणि मग दोन-तीन तारा एकत्र करून रहाटावर पीळ द्यायचा, हे त्याचे काम. पैठणीच्या पदराची चर्चा सगळे करतात, या माणसाची कोणी करत नाही. माझे लक्ष मात्र त्याच्या नावावरच अडकले. ‘रहाटकर’ असते तर एखाद्या गावावरून पडलेले आडनाव म्हणून सोडून दिले असते. पण शेतकरी, गिरणकरी यांच्या पंक्तीतला हा ‘-करी’ धंदाच सांगतो. रहाट चालवतो तो रहाटकरी.

आता रहाट म्हणजे विहिरीवरचा, गाडग्यांची माळ वर आणणारा. रेशमाचा रहाट चालायचा घराच्या पडवीत, तिथे पाणी शेंदायचे नव्हते. मग रेशमाला पीळ देणाऱ्या यंत्राला विहिरीचे नाव का?

पहिला धागा नंदुरबारकडून मिळतो. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा गुजरातच्या अंगाला चिकटून आहे आणि इथल्या बाजारात गुजराती कानावर सहज पडते. गुजरातीत विहिरीवरच्या रहाटाला रेंट म्हणतात आणि चरख्याला रेंटियो. गांधीजींचा तिथीने येणारा वाढदिवस, भाद्रपद वद्य द्वादशी, गुजरातेत ‘रेंटिया बारस’ म्हणून पाळतात. म्हणजे येवल्याचा रेशमाचा रहाट एकटा नाही. हिंदीच्या जुन्या बोलीत रहँट विहिरीवर आणि रहटा घरात. कन्नडमध्ये राटे म्हणजे चरखा आणि विहिरीवरची कप्पीही. तेलुगूत चरखा राट्नम. केरळात काथ्या वळायच्या चाकाला आजही राट्ट म्हणतात. कापूस, रेशीम, काथ्या, तंतू कोणताही असो, पीळ देणाऱ्या चाकाला निम्म्या भारताने विहिरीचे नाव दिले आहे.

मूळ शब्द संस्कृत अरघट्ट. पंचतंत्रातला गंगदत्त बेडूक भाऊबंदांच्या जाचाला कंटाळून याच रहाटाच्या आधाराने विहिरीबाहेर पडतो, तेव्हा शब्द जुना आहे यात शंका नाही. अरघट्टचा प्राकृतात अरहट्ट झाला, सुरुवातीचा ‘अ’ गळाला आणि रहट, रहाट, रेंट ही भावंडे झाली. दक्षिणेतले राटे, राट्नम, राट्ट यांना काही जण स्वतंत्र द्राविडी मूळ देऊ पाहतात. मला ते पटत नाही. आपल्याकडे बोलताना ‘र्‍हाट’ होतोच. त्यातला ‘ह’ विरला की ‘राट’ उरतो, आणि अर्थही चाकाला धरूनच राहतो. उच्चार आणि अर्थ दोन्ही हातात हात घालून चालत असताना वेगळा बाप शोधायची गरज काय?

यावर सगळ्यात सोपा आक्षेप असा, की गोल फिरणाऱ्या कशालाही लोक रहाट म्हणत असतील, त्यात शोधायचे काय? या आक्षेपाला उत्तर देणारा दुसरा शब्द सापडला आणि तेव्हापासून मी या विषयाचा पिच्छा सोडलेला नाही. तो शब्द माळ. मोठ्या चाकावरून चातीवर, म्हणजे सूत कातणाऱ्या सळईवर, जाणारी आणि तिला फिरवणारी जी अखंड दोरी, तिला चरखा चालवणारे माळ म्हणतात. विहिरीवर गाडगी बांधलेला जो अखंड दोर, तीही माळच. पंजाबीत ‘माह्ल’ म्हणजे रहाटाचा गाडग्यांचा दोर आणि चरख्याची दोरीही. एक नाव उसने जाणे योगायोग म्हणता येईल. चाक आणि त्यावरची दोरी अशी दोन्ही नावे जोडीने, पंजाबापासून महाराष्ट्रापर्यंत विहिरीवरून घरात गेली असतील, तर तो योगायोग राहत नाही. ज्यांनी पहिल्यांदा हे यंत्र पाहिले त्यांना चाकावरून फिरणारी न संपणारी दोरी आधी विहिरीवर दिसलेली होती, असा माझा सिद्धांत आहे.

त्यात एक कच्चा दुवा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. विहिरीवरची माळ काहीच चालवत नाही. ती चाकावर लटकलेला भार आहे. चरख्याची माळ मात्र चाल एका चाकाकडून दुसऱ्याकडे पोहोचवते. दिसायला दोघी सारख्या, कामात उलट. म्हणून नाव विहिरीवरून आले तरी युक्ती तिथून आली नसणार. ती कुठून आली, हाच खरा वाद आहे.

इतिहासकार इरफान हबीब यांनी १९६९ साली भारतीय इतिहास परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात मांडले, की चरखा भारतात तेराव्या-चौदाव्या शतकात मुसलमानी राजवटींबरोबर आला, त्याआधी आपण टकळीवरच कातत होतो. त्यांचा मोठा पुरावा म्हणजे इसामीचा ‘फुतूह-उस-सलातीन’ हा १३५० चा फारसी ग्रंथ. रझिया सुलतानाबद्दल लिहिताना इसामी म्हणतो, बाईने सिंहासनावर नव्हे, चरख्याशी बसावे. विचार बुरसटलेला, पण तंत्राच्या इतिहासाला सोन्याचा. आणि हा इसामी कोण? महंमद तुघलकाने दिल्लीकरांना दौलताबादला हलवले त्या लोंढ्यात आलेला. वाटेत त्याचे नव्वदीतले आजोबा गेले. ग्रंथ त्याने वाहिला दख्खनच्या बहमनी सुलतानाला. भारतातला चरख्याचा पहिला निर्विवाद उल्लेख वेरूळच्या शेजारी राहून गेलेल्या माणसाच्या लेखणीतून उतरला, ही गोष्ट मराठी वाचकांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही.

इतिहासकार विजया रामस्वामी यांनी हबीब यांना दक्षिणेतून उत्तर दिले. बाराव्या शतकातल्या कर्नाटकातल्या शरणांमध्ये, म्हणजे बसवेश्वरांच्या पंथातल्या संतांमध्ये, कदिर रेम्मव्वे नावाची सूत कातणारी होती. तिच्या वचनात ती आपल्या राट्याच्या एकेका भागात देव पाहते: खालच्या फळीत, तोरणात, उभ्या बाहुलीत. फळी, तोरण, बाहुली हे टकळीचे अवयव असूच शकत नाहीत. तो चरखाच. हे खरे धरले तर इसामीच्या निदान दीडशे वर्षे आधी कर्नाटकातल्या कल्याणच्या परिसरात चरखा चालत होता. अडचण एवढीच, की वचने पुष्कळ काळ तोंडोतोंडी चालली आणि त्यांचे मोठे संकलन पंधराव्या शतकातले. मधल्या काळात एखादा शब्द बदलला असेल का, याची खात्री देता येत नाही. तरी माझा कौल रेम्मव्वेला आहे. तिचे सगळे रूपकच यंत्राच्या अवयवांवर उभे आहे. शब्द मागाहून घुसडता येतो, अख्खा सांगाडा घुसडता येत नाही.

तिसरा पक्ष चीनचा, आणि इथे गोष्ट पुन्हा रेशमाकडे येते. चिनी विज्ञानाचे इतिहासकार जोसेफ नीडहॅम यांचे म्हणणे, की चरख्याचा जन्म कापसासाठी नव्हे, रेशमासाठी झाला. कोषातून निघणारी तार शेकडो मीटर सलग असते, तिला कातावे लागत नाही. ती कांडीवर भरभर गुंडाळण्यासाठी मोठ्या चाकावरून बारीक कांडीला दोरीने फिरवण्याची युक्ती चिनी लोकांनी काढली. १०९० च्या सुमारास छिन ग्वान याने रेशीमकामावर लिहिलेल्या पुस्तकात कोष उलगडायच्या यंत्राचे वर्णन आहे. बाई पायटा दाबते, असारी फिरते, असारीच्या आसावरून एक दोरी लहान चाकावर जाते, त्या चाकाच्या कडेला बसवलेली खुंटी एका दांडीला मागेपुढे ढकलते आणि तार असारीवर एकाच जागी न पडता पसरत जाते. एका पायाच्या जोरावर दोन वेगळ्या चाली!

म्हणून माझा हिशेब असा: युक्ती रेशमाची, नाव विहिरीचे, आणि काम मिळाले कापसाचे. चीनहून इराणमार्गे चाक आले, तेव्हा त्याच्यासोबत ‘चर्ख’ हा फारसी शब्दही आला, जो आपल्या ‘चक्रा’चाच सख्खा भाऊ. दरबाराने चरखा म्हटले, गावाने रहाट. वाट कोणती, याचा कागद नाही. पण सुरत–बऱ्हाणपूर रस्ता माझ्या डोळ्यांसमोर येतोच. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए या वाटेने गेला. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरबद्दल त्याने लिहिले आहे, की हे विणकरांनी भरलेले मोठे गाव आहे, आणि इथल्या बारीक तांदळाला कस्तुरीचा वास येतो. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, बऱ्हाणपूर ही या रस्त्यावरची ठाणी. एका बाजूला रेंटियो बोलणारा मुलूख, दुसऱ्या बाजूला रहाट. माल, माणसे आणि शब्द याच खोऱ्यातून ये-जा करत होते.

आता माळेचा दोष. ती घसरते. ओल्या हवेत सैल पडते, उन्हात ताणते, आणि चाकाचे इतके फेरे म्हणजे चातीचे तितकेच फेरे असा नेमका हिशेब कधीच राहत नाही. इटलीत ट्युरिनच्या आसपासच्या पीडमाँट प्रांतात यावर जो उपाय निघाला, तो मला यंत्रशास्त्रातला अत्यंत देखणा उपाय वाटतो. कोषाच्या तारेवर सेरिसिन नावाचा नैसर्गिक डिंक असतो. गरम पाण्यातून निघालेली ओली तार असारीवरच्या ओल्या तारेवर नेमकी पडली तर दोन्ही चिकटतात आणि पुढे सोडवताना तुटतात. म्हणून तार हलवणाऱ्या दांडीची लय आणि असारीचा फेरा यांचा मेळ लवकर बसता कामा नये. पीडमाँटच्या कारागिरांनी दोरी काढून लाकडी दातेचाके बसवली: एका जोडीला २२ आणि २५ दाते, दुसऱ्या जोडीला २२ आणि ३५. बावीस गुणिले बावीस म्हणजे ४८४, पंचवीस गुणिले पस्तीस म्हणजे ८७५. या दोन संख्यांना एकाखेरीज सामाईक विभाजक नाही. म्हणून असारीचे ८७५ फेरे झाल्याशिवाय तार पुन्हा त्याच जागी येत नाही, आणि तोवर खालची तार वाळून गेलेली असते. अठराव्या शतकात तिथल्या राजाच्या नियमांतच दोरी नको, दाते हवेत असा आग्रह होता.

१७६९ नंतर ईस्ट इंडिया कंपनीने ही पद्धत जाणणारी माणसे बंगालला धाडली आणि तिथे फिलेचर, म्हणजे कोष उलगडायचे कारखाने, उभी राहिली. पुण्याच्या बाजूला मुत्ती नावाच्या इटालियनाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तुती लावून पाहिली, ती चालली नाही. येवल्याच्या रहाटकऱ्याने मात्र माळ सोडली नाही. याला मागासलेपण म्हणणाऱ्यांशी माझा वाद आहे. कोष उलगडणे आणि पीळ देणे ही दोन वेगळी कामे. उलगडताना लय अचूक हवी, तिथे दातेचाक जिंकते. पीळ देताना तार कुठे अडकली तर दातेचाक तिला तोडूनच थांबते. माळ आधी घसरते आणि तार वाचते. महागडे रेशीम व्यापाऱ्याचे, तुटीचा बोल रहाटकऱ्याला. त्याने घसरणारी माळ पसंत केली ती समजून उमजून, असे मी मानतो.

माळेतली खरी सुधारणा महाराष्ट्रात झाली ती येरवड्याला. लहान कप्पीवर माळेची पकड कमी, म्हणून चाक फार मोठे केले की माळ जास्तच घसरते. १९३०–३१ च्या सुमारास येरवडा तुरुंगात गांधीजींनी, आधी सुरतेचा गांडीव चरखा वापरून झाल्यावर, दोन चाकांचा पेटीचरखा घडवून घेतला. मोठे चाक लहान चाकाला फिरवते आणि लहान चाक चातीला. वेग दोन टप्प्यांत वाढतो, त्यांचा गुणाकार होतो, आणि कुठल्याच माळेवर फाजील ताण येत नाही. त्याआधी १९२९ साली चरखा संघाने उत्तम चरख्याला एक लाखाचे बक्षीस लावले होते. अटी कडक: किंमत दीडशेच्या आत, आठ तासांत सोळा हजार फूट सूत, वीस वर्षे टिकाऊ, दुरुस्ती वर्षाला किमतीच्या पाच टक्क्यांच्या आत. किर्लोस्करवाडीचा चरखा परीक्षेपर्यंत पोहोचला, पण बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पुढे एकांबरनाथन यांचा अंबर चरखा आला, त्याची कथा वेगळी.

रहाट आणि माळेच्या या साऱ्या गोष्टीबाहेर राहिले ते टसर रेशीम. भंडारा, गडचिरोलीच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर लोक टसरचे कोष वाढवतात. या रेशमाला परवापरवापर्यंत रहाट नव्हता की माळ नव्हती. बायका उघड्या मांडीवर तार घासून पीळ द्यायच्या, कातडी सोलवटून निघायची. बंगळूरच्या केंद्रीय रेशीम तंत्रज्ञान संशोधन संस्थेने छत्तीसगडातल्या चांप्याच्या एका उद्योजकाबरोबर ‘बुनियाद’ हे यंत्र तयार केले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीत आदिवासी बायकांना त्याचे वाटप झाले. त्या वेळी सरकारने दिलेला हिशेब असा, की मांडीवर तार काढणारीला दिवसाला सरासरी १२५ रुपये सुटतात, बुनियादवर ३५०.