कणकेचा गोळा आणि हजार वॅट

बीड जिल्ह्यातला माणूस एक वेळ पाण्यावाचून दिवस काढील, पण आवाजावाचून नाही. दुष्काळात टँकरची वाट पाहणारे गावही हरिनाम सप्ताहाला आवाजाची टंचाई पडू देत नाही. आणि तो आवाज नुसता कानावर पडून भागत नाही, छातीत बसावा लागतो. म्हणूनच आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाने यंदा पॉवर्ड सबवूफर घ्यायचा ठराव केला. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेले असल्यामुळे खरेदी समितीवर माझी वर्णी लागली. समितीत दोघेच. दुसरे आमचे पखवाजाचे बुवा.

आता, खर्ज ही काही विजेने दिलेली देणगी नव्हे. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओली कणीक थापली की कातडे जड होते, सावकाश थरथरते आणि आवाज खाली उतरतो. भांडवल म्हणाल तर पुरीएवढी कणीक. अंबाजोगाईच्या योगेश्वरीचा गोंधळ घालणाऱ्याच्या कमरेला संबळाची जोडी असते, एक तार आवाजाचा, दुसरा खर्जाचा. आजचे ध्वनितज्ज्ञ क्रॉसओव्हर नावाच्या यंत्राने आवाजाची जी वाटणी करतात, ती आमच्या गोंधळ्याने कमरेलाच बांधून ठेवली आहे!

मग भोंगा आला. 24 डिसेंबर 1915 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोर जेन्सन आणि प्रिडम या जोडीने हजारोंच्या गर्दीला लाउडस्पीकर ऐकवला, आणि यथावकाश तो आमच्या लिंबाच्या झाडावर येऊन बसला. भोंग्याने कीर्तन शिवारापार नेले, पण पखवाजाचा डावा हात वाटेतच गाळला. त्याला कारण आहे. 50 हर्ट्झच्या सुराची लाट जवळजवळ 7 मीटर लांब असते, ती हातभर तोंडाच्या भोंग्यात मावणार कशी? 1925 साली राइस आणि केलॉग यांनी कागदी शंकूचा स्पीकर मांडला, त्यातून पुढे खर्जाची सोय झाली. 1974 च्या 'अर्थक्वेक' चित्रपटात तर भूकंप दाखवताना प्रचंड स्पीकर लावून थिएटरच हादरवले. आमच्या वरातींनी तो शोध आणखी पुढे नेला, एवढेच.

दुकानदार म्हणाला, "सर, दोन हजार वॅटचा घ्या. पत्रे उडतील!"

"पत्रे आम्हाला जागेवरच पायजेत," बुवा म्हणाले.

मी त्याला सांगितले, की हजाराचे दोन हजार वॅट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. पैसे दुप्पट झाले म्हणून आवाज काही दुप्पट होत नाही. शिवाय खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा क्षणभराच्या जोराचा असतो. विचारायचा तो सलग पेलणारा. अँप्लिफायर खोक्यातच असल्याने ही जोडी तरी कंपनीने जुळवलेली असते.

पण खरा प्रश्न आकड्यांचा नव्हताच. गेल्या सप्ताहात भाड्याचा सेट आणला होता. काल्याचे कीर्तन झाल्यावर पुढे बसलेल्या एका आजीबाईंनी विचारले, "औंदा महाराज काय म्हनले रं? निस्तं धम धम आयकू आलं." खर्ज फार झाला की तो वरचे सूर गिळतो, आणि शब्द तर वरच्याच सुरांत असतात. आजीबाई वर्षभर वाट पाहतात ती शब्दांची.

तेव्हा बुवांनी आपला पखवाज दुकानातच मांडला. मी अभंग म्हटला (गिऱ्हाइके तरीही थांबली, हे नमूद करतो). डोळे मिटून ऐकताना पखवाज खोक्यातून येतो की बुवांच्या मांडीवरून, हे कळेना आणि शब्द स्वच्छ कळले, तो 15 इंची खोका आम्ही घेतला. 18 इंची तिथेच राहिला. गायकाच्या माइकमधला खर्ज छाटायचा, सबवूफरला फक्त पखवाज द्यायचा आणि खोका भिंतीच्या कोपऱ्यात ठेवायचा नाही, कारण तिथे तो उगाच फुगतो, असे तीन नियम मी वहीत लिहून दिले.

चौथा नियम सरकारने 2000 सालीच लिहून ठेवला आहे : रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. काकडा त्याआधीचा. म्हणून पहाटे खोक्यावर चादर असते, आणि बुवा घरून कणीक घेऊन येतात.